लाइनविड्थ मोजलीत, चिर्प कुठाय?

सोलापुरात इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट रिपोर्ट चाळताना एक चित्र मला दरवर्षी भेटतं: ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझरचा (प्रकाशात कुठली फ्रिक्वेन्सी किती, ते दाखवणाऱ्या यंत्राचा) स्क्रीनशॉट आणि खाली ठळक अक्षरात ‘चिर्प मेजरमेंट’. चिर्प म्हणजे पल्स चालू असताना लेझरची फ्रिक्वेन्सी सरकणं. मॉड्युलेशन (करंट कमीजास्त करून प्रकाशावर बिट चढवणं) बंद असताना रेघ बारीक, चालू केल्यावर जाड. झाला चिर्प मोजून! व्हायवात ‘कुठल्या दिशेचा?’ एवढंच विचारलं की पोरं छताकडे बघतात.

लाइनविड्थ म्हणजे लेझरच्या रेघेची स्वतःची जाडी: उत्स्फूर्त उत्सर्जनामुळे प्रकाशलहरीची फेज भरकटते, त्यातून ती येते. डीएफबी लेझरला (फायबर दूरसंचारातला एकाच फ्रिक्वेन्सीचा सेमीकंडक्टर लेझर) ती साधारण काही मेगाहर्ट्झ असते. चिर्प गिगाहर्ट्झमध्ये जातो. (त्या स्क्रीनशॉटातली ‘बारीक’ रेघही लेझरची नसते. ॲनालायझरचं रिझोल्यूशन ०.०२ नॅनोमीटर धरलं तरी १५५० नॅनोमीटरला ते अडीच गिगाहर्ट्झ होतं. दिसते ती उपकरणाचीच जाडी.)

पण मेगा आणि गिगा हा मुद्दाच नाही. सोलापुरी चादरीच्या सुताची जाडी कुठंही थोडी कमीजास्त होते, तिला नियम नाही, ती लाइनविड्थ. नक्षी मात्र जॅकार्डच्या कार्डांप्रमाणं दर खेपेला त्याच जागी उमटते, तो चिर्प. करंट वाढला की लेझरमधले कॅरियर (इलेक्ट्रॉन आणि होल) बदलतात, त्याबरोबर अपवर्तनांक बदलतो आणि फ्रिक्वेन्सी हलते, प्रत्येक बिटला तशीच. आता ती चादर उसवून रंगारंगाचं सूत तोललंत, तर लाल किती नि हिरवं किती ते कळेल, लाल कुठल्या धाग्याला आलं ते नाही. स्पेक्ट्रम म्हणजे हे तोललेलं सूत.

आणि फायबरला नेमकं ‘कुठं’ यानंच फरक पडतो. थेट मॉड्युलेट केलेल्या लेझरमध्ये पल्सची पुढची कड निळ्याकडे (जास्त फ्रिक्वेन्सीकडे) सरकते, मागची तांबड्याकडे (कमी फ्रिक्वेन्सीकडे). १५५० नॅनोमीटरला साध्या सिंगल-मोड फायबरमध्ये निळं आधी पोचतं, म्हणून पल्स पसरतच जाते. चिर्प उलट्या चिन्हाचा असेल तर ती आधी आवळते. स्पेक्ट्रमची रुंदी दोन्हीकडे सारखी! १० गिगाबिटला एक बिट १०० पिकोसेकंदांचा, ०.१ नॅनोमीटर चिर्प, डिस्पर्शन (फायबरमध्ये रंगारंगाच्या वेगातला फरक) दर नॅनोमीटर-किलोमीटरला १७ पिकोसेकंद आणि अंतर ८० किलोमीटर धरा, पसरट १३६ पिकोसेकंद. बिट शेजारच्या बिटात घुसला.

घोळ वाढतो तो आणखी एका कारणानं. दोन्ही मोजायला बहुधा विलंब असलेला इंटरफेरोमीटरच वापरतात (एकच प्रकाश दोन वाटांनी नेऊन, एका वाटेला उशीर लावून, पुन्हा मिसळणारं उपकरण), आणि नेमका विलंब दोघांना उलटा हवा. लाइनविड्थसाठी दोन वाटांनी आलेल्या प्रकाशाची ओळख पुसली गेली पाहिजे, म्हणून ५ किलोमीटर फायबर घालतात, २५ मायक्रोसेकंद. चिर्पसाठी विलंब बिटच्या मानानं नगण्य हवा: १० पिकोसेकंद, म्हणजे फायबरची जेमतेम २ मिलिमीटर. मग माख-झेंडर (अशाच इंटरफेरोमीटरचा एक प्रकार) फ्रिक्वेन्सीप्रमाणं वरखाली होणाऱ्या त्याच्या आउटपुटच्या आधी एका उतारावर, नंतर दुसऱ्या उतारावर लॉक करा, सॅम्पलिंग स्कोपवर दोन ट्रेस घ्या. बेरीज म्हणजे पॉवर. वजाबाकीला बेरजेनं भागलं की फ्रिक्वेन्सीच्या सरकण्याची साइन मिळते. १० पिकोसेकंदांना ती अधिक-उणे २५ गिगाहर्ट्झपर्यंत निःसंदिग्ध वाचता येते, चिन्हासकट आणि बिटमधल्या जागेसकट.

शंका असेल तर ॲव्हरेजिंग वाढवा. तोच पॅटर्न पुन्हापुन्हा पाठवत राहिलात की फेजचा कोलाहल विरतो, चिर्प जागचा हलत नाही. माझ्यासाठी व्याख्या हीच, पुस्तकातली त्यानंतर.

अल्फाबद्दल तर बोलायलाच नको. हेन्रींनी १९८२ साली दिलेल्या या घटकाला ‘लाइनविड्थ एन्हान्समेंट फॅक्टर’ म्हणतात. एक अधिक अल्फाचा वर्ग एवढ्या पटीनं लाइनविड्थ वाढते. तोच अल्फा चिर्पच्या सूत्रातही बसलेला आहे, म्हणून अल्फा म्हणजेच चिर्प असं लिहिणारे निघतात. अल्फा फक्त गुणक आहे. त्याच्यापुढे पॉवर किती वेगानं बदलते तो ट्रान्झिएंट भाग आणि पॉवर नुसती किती आहे तो ॲडियाबॅटिक भाग, असे दोघं उभे असतात. एकटा अल्फा छापून ते वेगळे दिसत नाहीत.