सिमेंट गरम करून का भरतात?

खानापुरात डिसेंबरच्या सकाळी दाताचा दवाखाना उघडला की कंपोझिटची, म्हणजे दाढेत भरायच्या दातासारख्या रंगाच्या 'सिमेंट'ची, सिरिंज दाबताना अंगठा दुखतो. मसाला रंगाऱ्याच्या लांबीसारखा घट्ट झालेला असतो. तोच थोडा वेळ हीटरमध्ये ठेवला तर अलगद उतरतो. चिकोडी-संकेश्वरकडच्या ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. थंडीत बरणीतली काकवी हलत नाही, बरणी ऊन पाण्यात ठेवली की धार धरते.

गेल्या हिवाळ्यात निपाणीकडच्या एका आजींनी खुर्चीत बसल्या बसल्या तो हीटर बघितला आणि विचारलं, "डॉक्टर, सिमेंट गरम करून घालताय, आत भाजणार न्हाई न्हवं?" प्रश्न अगदी रास्त होता. दाताला उष्णता सोसत नाही ही भीती दंतवैद्यांनाही फार जुनी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये द'आर्से यांचा मिश्रधातू किडलेल्या दाढेत ओतत. बिस्मथ, शिसं आणि कथील यांचा हा धातू उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानाला वितळतो. म्हणजे जिवंत दाढेत जवळपास उकळता रस! १८१८ मध्ये रेन्यार यांनी त्यात पारा मिसळून वितळण्याचं तापमान खाली आणलं. पुढे १८२६ च्या सुमारास पॅरिसमध्येच तावो यांनी चांदी आणि पाऱ्याचा लगदा वापरला, त्याला तापवावंच लागत नव्हतं. आपल्याकडची वडीलधारी माणसं "दाढेत चांदी भरलीय" म्हणतात, ती याच लगद्याची सुधारलेली पिढी. चांदी रुजली याचं मोठं श्रेय मी या थंडपणाला देतो.

दातासारख्या रंगाचं 'सिमेंट' बरंच नंतरचं. १९५५ मध्ये ब्युनोकोर यांनी दाताचं कवच आम्लाने खरवडून त्यावर राळ चिकटवून दाखवली. १९६२ मध्ये बोवेन यांना नव्या राळेचं पेटंट मिळालं. आजची बरीचशी कंपोझिट्स त्याच राळेच्या वंशातली आहेत. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं दंत महाविद्यालय १९८५ मध्ये सुरू झालं, तोवर निळ्या दिव्याने कडक होणारी कंपोझिट्स जगात रुळत होती. चांदीच्या भरणातला पाराही ज्याच्या कक्षेत येतो तो पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली.

या राळेत काचेची बारीक पूड ठासलेली असते, वजनाने बहुधा सत्तर-ऐंशी टक्के. पुडीमुळे भरण टिकाऊ होतं, पण मसाला घट्ट होतो आणि दाढेच्या कानाकोपऱ्यात नीट बसत नाही. पूड कमी केली तर तो वाहतो, पण भरण कमजोर होतं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ५४ ते ६८ अंशांपर्यंत तापवणारे छोटे हीटर आले आणि पूड कमी न करताच मसाला वाहता करता येऊ लागला.

प्रयोगशाळेत आणखी एक फायदा दिसला. गरम राळेचे रेणू मोकळे हलतात, त्यामुळे दिवा लावल्यावर जास्त रेणू एकमेकांत गुंफले जातात. पण हा फायदा तोंडात तितकासा उतरत नाही, कारण हीटरमधून काढल्यावर दोनच मिनिटांत मिळवलेली निम्मी ऊब जाते आणि पाच मिनिटांत जवळपास सगळीच. शिवाय कडक होताना राळ आक्रसतेच, आणि जास्त गुंफण म्हणजे जास्त आक्रसणं. म्हणून "गरम केल्याने भरण मजबूत होतं" असं मी पेशंटला सांगत नाही. ते कडेला नीट बसतं, फट राहण्याची शक्यता कमी होते, एवढंच सांगतो. माझ्या लेखी हे पुष्कळ आहे, कारण पुन्हा कीड लागते ती बहुधा फटीतूनच.

आता आजींच्या भाजण्याचं. १९६५ मध्ये झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग केले. आतल्या गराचं तापमान साडेपाच अंशांनी चढल्यावर काही दातांतला गर मेला. तेव्हापासून हाच आकडा धोक्याची खूण मानला जातो. ६० अंशांचं कंपोझिट भरल्यावर गर किती तापतो हे प्रयोगशाळेत मोजलं, तर वाढ एका अंशाच्याही आत निघाली. निळ्या दिव्याने मात्र ती पाच अंशांच्या घरात गेली. खरी काळजी दिव्याची. खोल दाढेवर मी तो सलग धरत नाही, मधे हवेचा फवारा मारतो.

आजींना एवढंच सांगितलं, "कोमट लागेल, चहाएवढंही नाही." त्यांनी तोंड उघडलं. मी आधी दाढ पूर्ण कोरडी करून घेतली, मगच मदतनीस मुलीला हीटरकडे हात न्यायला सांगितलं.