खाण बंद झाली, खड्डा राहिला

एप्रिल-मे आला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. ‘खाणीत पोहायला गेलेल्या मुलाचा बुडून मृत्यू.’ मजकूर जवळजवळ ठरलेला. मित्रांबरोबर गेला होता, पाण्याचा अंदाज आला नाही, अग्निशमन दलाच्या जवानांनी गळ टाकून मृतदेह बाहेर काढला. बाहेरगावच्या माणसाला प्रश्न पडतो की पुण्यात खाण आली कुठून? इथे झरियासारखा कोळसा नाही, की कोलारसारखी तीन किलोमीटर खोल गेलेली सोन्याची खाण नाही. आपल्याकडे खाण म्हणजे दगडखाण, आणि ती शहराच्या चारी बाजूंना आहे. वाघोली, लोहगाव, मोशी ही नावं नेहमीची. खुद्द शहराच्या मधोमध वेताळ टेकडीवरही एक आहे.

हा सगळा काळा पाषाण. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेला लाव्हा. पाषाण नावाचं गावच आपल्याकडे आहे, त्यामुळे पुरावा शोधायला लांब जायला नको. पेशवाईत वाड्यांची जोती आणि देवळं याच दगडाची झाली. 1817 साली खडकीची लढाई होऊन इंग्रज आले, छावणी वसली, 1858 मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत रेल्वे आली. 1860 च्या दशकातल्या ससून रुग्णालयाच्या आणि डेक्कन कॉलेजच्या करड्या भिंती आजही उभ्या आहेत. तेव्हा काम पहार, छिन्नी आणि घणाचं होतं, थोडाफार सुरुंग. पिढ्यान् पिढ्या दगड फोडणारा वडार समाज यात पुढे होता. हाताने फोडलेली खाण आडवी पसरते, फार खोल जात नाही.

मग सिमेंट आलं. वाटलं असेल की आता दगडाची गरज संपली. झालं उलटंच. काँक्रीटच्या घनफळात दोन तृतीयांशाहून जास्त भाग खडी आणि वाळूचा असतो. म्हणजे कातीव दगडाची भिंत गेली आणि तिच्या जागी भुगा केलेल्या दगडाची भिंत आली. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि त्यानंतर शहर नदीकाठ सोडून बाहेर सरकत गेलं. 1972 च्या दुष्काळात गावोगावच्या बायाबापड्यांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, आणि पोट भरायला शहराकडे आलेल्या अनेकांना पुढेही खडीनेच आधार दिला. तोवर खाणीवर कॉम्प्रेसर, ड्रिल, क्रशर आले होते. या खाणमजुरांच्या मुलांसाठी 1997 पासून ‘पाषाण शाळा’ नावाच्या शाळा सुरू झाल्या, यावरून तिथे किती बिऱ्हाडं असतील ते कळावं.

आता एक साधा हिशोब. खाणपट्टा मिळतो तो क्षेत्रफळावर, अमुक गट नंबरमधले तमुक आर. दगड विकला जातो ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट. सरकारला द्यायचं स्वामित्वधनही ब्रासवरच. हद्द ठरलेली, मागणी वाढती, शेजारची जमीन दुसऱ्याची. उरली एकच दिशा, खाली. त्यामुळे यंत्राच्या काळातली खाण विहिरीसारखी होत गेली. काम चालू असताना तिच्यात पंप असतो, पावसाचं आणि भेगांतून झिरपणारं पाणी रोज उपसून टाकतात. दगड परवडेनासा झाला किंवा पट्ट्याची मुदत संपली की माणसं जातात, क्रशर हलतो आणि पंपही निघतो. पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत तिथे तळं तयार.

वेताळ टेकडीवरच्या खाणीशी सकाळी गेलात तर भिंतीकडे नीट बघा. खडकात वरून खाली सरळ उतरणारे अर्धगोल पन्हाळीसारखे चर दिसतात. सुरुंगाची दारू भरायला पाडलेल्या भोकांचा तो अर्धा भाग, उरलेला अर्धा दगडाबरोबर निघून गेला. मला ते चर धोक्याच्या कुठल्याही पाटीपेक्षा जास्त बोलके वाटतात. भिंत जितकी वर सरळ, तितकीच पाण्याखालीही सरळ.

माणूस इथे बुडतो तो नेमका याच कारणाने. नदीला, गावतळ्याला उतार असतो, पाणी घोट्याला, मग गुडघ्याला लागतं, अंगाला अंदाज येतो. खाणीला उतार नसतो, टप्पे असतात. कामाच्या सोयीसाठी पायऱ्यांसारखे ठेवलेले हे टप्पे पाण्याखाली गेले की दिसत नाहीत. कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला मुलगा एक पाऊल पुढे टाकतो आणि खाली काहीच नसतं. वरचा थर उन्हाने कोमट, खालचं पाणी एकदम गार, त्या गारठ्याने दम लागतो. काठ गाठला तरी धरायला काही नाही, शेवाळलेला कडा हातातून निसटतो. तळाला क्रशरच्या भुकटीचा चिखल साचलेला असेल तर पाय रुतलाच. आणि वाचवायला उडी मारणाऱ्याच्या वाट्यालाही हेच. म्हणून या बातम्यांत पुष्कळदा एकाऐवजी दोन नावं असतात.

बंद खाणीत साचलेलं पाणी जीव घेतं हे खाणधंद्याला फार आधीपासून माहीत आहे. धनबादजवळच्या चासनाला खाणीत 27 डिसेंबर 1975 ला जुन्या कामातलं पाणी फुटून आत शिरलं आणि साडेतीनशेहून जास्त कामगार गेले. 1989 च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महाबीर खाणीत तसंच पाणी घुसलं, तेव्हा लोखंडी कॅप्सूल खाली सोडून 65 जणांना वर काढलं. कायद्याचं शहाणपण बरंचसं अशा अपघातांतून आलं, त्यामुळे त्याची नजर खाणीत काम करणाऱ्यावर असते. 1952 च्या खाण अधिनियमात दगडखाणही येत होती; 2025 मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली. त्या अधिनियमात बांधकामाच्या दगडाच्या उघड्या खाणीला सूट मिळायची ती खोली 6 मीटरच्या आत, दिवसाला माणसं 50 च्या आत आणि सुरुंग अजिबात नाही, तरच. पुण्याचा पाषाण सुरुंगाशिवाय काढून दाखवा म्हणावं! सोडलेल्या खाणीच्या तोंडाला कुंपण घालायचा नियमही आहे. पण ते घालणार कोण? पट्टेदार निघून गेलेला, जमीनमालकाला दगडाचे पैसे मिळून गेलेले, आणि गायरान असेल तर विचारायलाच नको. 5 हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितलं. त्याच्या कितीतरी आधी बंद पडलेल्या खड्ड्यांना या मंजुरीचा काय उपयोग!

यात शहराचाही वाटा आहे. या खाणी खोदल्या तेव्हा त्या गावाबाहेर होत्या. मोशी 1997 मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये आली, लोहगाव 2017 मध्ये आणि वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत. इमारती खाणीच्या काठापर्यंत गेल्या, त्याही बहुधा त्याच खाणीच्या खडीने बांधलेल्या. मग खाणीला कामं लागली. वस्तीतल्या बायका धुणं घेऊन जाऊ लागल्या, बरोबर पोरं. गणपतीनंतर गोळा केलेल्या मूर्ती ट्रक भरून वाघोलीच्या खाणीत सोडल्या जाऊ लागल्या.

कॅव्हन्साइट नावाचं निळ्याशार रंगाचं खनिज पहिल्यांदा अमेरिकेत सापडलं, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने जगाला दिले ते याच वाघोलीच्या खाणींनी. काळ्या दगडाच्या पोकळीत मोरपिसाच्या डोळ्यासारखी ती निळाई दिसते. परदेशी संग्राहक तिच्यासाठी दाम मोजतात आणि खालच्या चिठ्ठीवर ‘वाघोली, पुणे’ लिहितात.

बंद खाण बुजवायची म्हटली तर तिला लागतो राडारोडा, आणि सध्या तो भरपूर आहे. सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे. पन्नास वर्षांपूर्वी खडी होऊन बाहेर पडलेला दगड स्लॅबचे तुकडे होऊन डंपरमधून परत येतो. पण असा टाकलेला भराव दाबून बसवलेला नसतो, तो वर्षानुवर्षं खचत राहतो. वरून सपाट मैदान दिसतं, म्हणून कुणी तरी प्लॉट पाडतो. घेणारा सातबारा बघतो. त्यावर खाणीची जमीन पोटखराबात, म्हणजे लागवडीला अयोग्य जमिनीत, धरलेली असते, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये चोख लिहिलेलं. खोलीसाठी सातबाऱ्यात रकाना नाही.