दोन स्टॉपवॉच आणि एक अक्कलदाढ

टेक्सासमधलं ऑस्टिन आणि युटामधलं सॉल्ट लेक सिटी ही दोन शहरं वेदनाशामकांवर काम करणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची आहेत. अशा औषधांच्या बऱ्याच चाचण्या तिथे होतात आणि त्यांची पद्धत साधारण ठरलेली असते. सकाळी एखाद्या विशीतल्या धडधाकट मुलाच्या किंवा मुलीच्या अक्कलदाढा काढतात. खालच्या जबड्यातली, हाडात रुतून आडवी वाढलेली दाढ असेल तर संशोधकांना हवंच असतं. ती काढायला हिरडी चिरावी लागते, हाड कोरावं लागतं, त्यामुळे दुखणार याची खात्री असते. भूल फक्त जागेपुरती, लिग्नोकेनची. काही तासांत ओठाचा बधिरपणा उतरू लागतो आणि ठणका सुरू होतो.

गोळी तरीही लगेच मिळत नाही. परिचारिका विचारत राहते, आता किती दुखतंय? उत्तर ‘मध्यम’ किंवा ‘तीव्र’ आलं की मगच गोळी, पाण्याचा घोट आणि हातात दोन स्टॉपवॉच. पहिलं थांबवायचं ते काहीतरी फरक पडतोय असं जाणवल्याक्षणी. दुसरं, ‘हां, आता बरं वाटतंय’ असं मनापासून म्हणता येईल तेव्हा. या दोन क्षणांत कधी कधी बरंच अंतर असतं, आणि ‘झटपट आराम’ असं वेष्टनावर छापायचं असेल तर हे क्षण लवकर येतात हे कंपनीला दाखवावं लागतं.

इतका खटाटोप दाढेवरच का? कारण दुखणं बाहेरून मोजता येत नाही. ज्याचं दुखतंय त्याच्या सांगण्यावरच विसंबावं लागतं. मग निदान इजा तरी सगळ्यांची सारखी हवी. डोकेदुखी दवाखान्याची वेळ बघून येत नाही. कंबरदुखीमागे वय, वजन, काम, झोप अशी शंभर कारणं. अक्कलदाढेचं तसं नाही. रुग्ण तरुण, दुसरा आजार नाही, दुसरी औषधं नाहीत, तारीख आधीच ठरलेली, आणि दाढ एरवीही काढायचीच होती. दुखणं काही तास चांगलंच जोरात असतं आणि काही दिवसांत ओसरतं. दाढेवरच्या चाचण्या रूढ होण्याआधी वेदनाशामकांची मोजमापं बहुधा कर्करोगाच्या किंवा मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर होत. तिथे मॉर्फिनच्या इंजेक्शनाची ताकद कळे. साध्या गोळ्यांचा कस लागणं अवघड होतं. १९७६ साली स्टीफन कूपर आणि विल्यम बीव्हर यांनी दंतशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर सौम्य वेदनाशामकं कशी तपासावीत याची रीतसर पद्धत मांडली. आजच्या चाचण्यांचा सांगाडा बराचसा तोच आहे.

दाढेची जागा संशोधकांना आणखी एका कारणाने सोयीची आहे: जखम समोर, हाताशी असते. तिथून ऊतीचा बारीक तुकडा घेता येतो किंवा टाक्यांखाली केसासारखी नळी ठेवून तिथला द्रव तासातासाला तपासता येतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी हे करून पाहिलं. दुखापत झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतात आणि ती आसपासच्या चेतातंतूंना हळवं करून सोडतात. हे रसायन बनवणारं कॉक्स-१ हे विकर तिथे आधीपासूनच असतं, तर त्याचा भाऊबंद कॉक्स-२ शस्त्रक्रियेनंतरच्या काही तासांत वाढत जातो. भूल उतरण्याची वेळही नेमकी हीच. आयबुप्रोफेन ही दोन्ही विकरं रोखतं. अशा वेदनाशामकांचं काम असंच चालतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं, आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. जखमेतलं प्रोस्टाग्लँडिन कमी होतंय आणि त्याच माणसाचा ठणकाही उतरतोय, हे एकाच वेळी पाहायला मिळेल अशी जागा माणसाच्या शरीरात दुसरी शोधून सापडणार नाही.

आकडे गोळा करण्याचं काम मात्र कंटाळवाणं. दुखणं ० ते ३, आराम ० ते ४, ठरावीक अंतराने तेच प्रश्न, निदान सहा तास. आराम पडलाच नाही तर रुग्ण केव्हाही दुसरं, खात्रीचं औषध मागू शकतो. फक्त गोळीला काम करायला वेळ मिळावा म्हणून पहिला तास-दीड तास कळ काढायची विनंती त्याला केलेली असते. ही मागणी करेपर्यंत किती वेळ गेला, हाही निकालाचाच भाग. किंबहुना मला तो सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो. दोन की तीन यावर माणूस घुटमळेल, पण ‘आता दुसरं काहीतरी द्या’ म्हणताना घुटमळत नाही.

आणि प्रत्येक चाचणीत काही जणांना लुटुपुटूची गोळी मिळते, म्हणजे प्लासिबो. या गटाला आपण नुसता मोजपट्टीचा शून्य समजतो. अक्कलदाढेच्या संशोधनातले सर्वांत चमत्कारिक निकाल मात्र याच गटातून आले.

१९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रुग्णांना आधी प्लासिबो दिला. काहींना त्याने खरोखर बरं वाटलं. मग त्यांना नॅलोक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनसारख्या द्रव्यांचा परिणाम उलटवतं. ज्यांना प्लासिबोने आराम पडला होता, त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे तो आराम ‘मनाचे खेळ’ एवढ्यावर संपणारा नव्हता. मेंदूने स्वतःचं, शरीरातच तयार होणारं अफूसदृश द्रव्य सोडलं होतं आणि नॅलोक्सोनने ते अडवलं, असा अर्थ त्यांनी लावला. १९८४ साली लेव्हिन आणि गॉर्डन यांनी आणखी एक गंमत केली. काही रुग्णांना मॉर्फिन यंत्राच्या नळीतून, त्यांच्या नकळत दिलं, तर काहींना सगळ्यांदेखत नुसतं मिठाचं पाणी टोचलं. उघडपणे टोचलेल्या पाण्याने जेवढा आराम पडला, तेवढा यायला गुपचूप मॉर्फिन ६ ते ८ मिलिग्रॅम द्यावं लागलं.

पुढच्याच वर्षी रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला, आणि तो मला सगळ्यांत अस्वस्थ करतो. रुग्ण दाढेचेच. एका टप्प्यात डॉक्टरांना ठाऊक होतं की यांना खरं वेदनाशामक मिळण्याची शक्यताच नाही; दुसऱ्या टप्प्यात फेंटानिल हे अफूसदृश, जोरदार वेदनाशामक मिळण्याची शक्यता होती. रुग्णांना दोन्ही वेळी सांगितलेलं एकच. दोन्ही टप्प्यांत ज्यांना प्लासिबो मिळाला त्यांची तुलना केली, तर डॉक्टरांना आशा होती त्या टप्प्यातल्यांना कमी दुखलं. डॉक्टर काही बोलले नव्हते. चेहऱ्यावरून, आवाजावरून, सुई टोचण्याच्या ढंगावरून काय पोहोचलं असेल ते असेल. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही नको आणि देणाऱ्यालाही नको, हा नियम किचकट वाटत असेल त्याने हा प्रयोग आठवावा.

अशा चाचण्या शेकड्यांनी झाल्या, मग त्यांची बेरीज करता आली. बहुतांशी दंतशस्त्रक्रियेतल्याच या आकड्यांनुसार ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनने १०० पैकी ५४ जणांना चार ते सहा तासांत निम्मा किंवा त्याहून जास्त आराम पडला. प्लासिबोने १४ जणांना. २०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल एकत्र दिलं की निकाल आणखी सरस. आणि अफूच्या घराण्यातलं कोडीन? ६० मिलिग्रॅमची एक मात्रा १२ जणांना द्यावी तेव्हा प्लासिबोच्या वर एकाला फायदा, दाढेच्या बाबतीत तर फायदा त्याहूनही कमी. अफूची औषधं म्हणजे जालीम, बाकीची किरकोळ, हा समज इथे साफ उलटतो. ठणका सुजेचा असेल तर सूज आणणारी रसायनं रोखणारी गोळी वरचढ ठरते.

अमेरिकेत हा समज महागात पडला. अक्कलदाढ काढल्यावर हायड्रोकोडोनची पाकिटं लिहून देण्याची तिथे रीत होती, आणि कित्येक तरुणांना अफूसदृश औषध पहिल्यांदा भेटलं ते असंच. २०२५ च्या सुरुवातीला १८०० हून अधिक रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली: एका बाजूला हायड्रोकोडोन आणि पॅरासिटामॉल, दुसरीकडे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. दुखण्याच्या पहिल्या, सर्वांत वाईट दिवसांतही दुसरी जोडीच सरस ठरली.

दाढेला सगळं दिसतं असं मात्र नाही. रोफेकॉक्सिब, म्हणजे व्हायॉक्स, हे वेदनाशामक या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झालं होतं. एका मात्रेचा आराम आयबुप्रोफेनपेक्षा जास्त वेळ टिकायचा. १९९९ साली ते अमेरिकेत बाजारात आलं आणि ३० सप्टेंबर २००४ रोजी जगभरातून मागे घेतलं गेलं, कारण महिनोन्‌महिने घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं. निरोगी विशीतल्या माणसाला एक गोळी देऊन दिवसभर विचारपूस केल्याने हे कळणं शक्यच नव्हतं. दुखणं जास्त दिवस टिकेल अशी परीक्षा हवी असेल तर दुसऱ्या शस्त्रक्रिया निवडतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सुझेट्रिजिन हे नव्या जातीचं वेदनाशामक पायाच्या अंगठ्यालगतचं वाढलेलं हाड काढल्यावर आणि पोटावरची सैल कातडी काढल्यावर, ४८ तास तपासलं गेलं.

आपल्याकडे कॉम्बिफ्लामच्या पट्टीत हीच जोडी आहे, ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. (पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, आयबुप्रोफेनने वाढणारा दमा किंवा गर्भारपण असेल तर ती मनाने घ्यायची गोळी नव्हे.) भारतातल्या दंत महाविद्यालयांतून अक्कलदाढेवरचे शोधनिबंधही भरपूर येतात. त्यात एक हुशार पद्धत दिसते: दोन्ही बाजूंच्या दाढा काही आठवड्यांच्या अंतराने काढायच्या आणि एकाच माणसाला एका खेपेला एक, दुसऱ्या खेपेला दुसरं औषध द्यायचं. माणूसच स्वतःची तुलना होतो. पण यातल्या अनेक निबंधांत प्लासिबो गट नसतो आणि शेवटी ‘दोन्ही औषधांत लक्षणीय फरक आढळला नाही’ असं वाक्य येतं. ते वाचताना विचारावं, की दोन्ही औषधं सारखीच चांगली निघाली, की दोन्ही सारखीच कुचकामी, की मोजणारी पट्टीच बोथट होती? प्लासिबो गट नसेल आणि आधीपासून कस लागलेलं औषधही तुलनेत नसेल, तर त्या निबंधातून याचं उत्तर मिळत नाही.