आठवण आणि कल्पना: कादंबरी लिहिणाऱ्यानं कुठं सावध राहायचं

किल्लारीच्या भूकंपावर लिहायला बसलं की आठवण कुठली आणि कल्पना कुठली, हे लिहिणाऱ्याचं त्यालाच कळेनासं होतं. आम्हा लातूरकडच्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट इतक्यांनी इतक्या वेळा सांगितलेली आहे, की ऐकलेलंसुद्धा पाहिल्यासारखं वाटतं.

आठवण साठवलेली असते आणि कल्पना रचलेली, असा आपला सर्वसाधारण समज. खरं तर दोन्ही रचलेल्याच. आठवताना मेंदू प्रसंग तुकड्यांतून नव्यानं जुळवतो. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचं काम मोठं. मेंदूचा अभ्यास करणारे डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या भागाला इजा झालेल्या रुग्णांना नवे प्रसंग कल्पायला सांगितले; उदाहरणार्थ, समुद्रकिनारा. गेलेलं आठवत नव्हतंच, पण बहुतेकांना न घडलेलं दृश्यही सलग उभं करता येईना. (हसाबिस म्हणजे पुढं २०२४ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच.)

मग फरक कशात? मार्सिया जॉन्सन आणि कॅरल रे या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलं, की अनुभवाच्या आठवणीत रंग, वास, जागा, वेळ असे तपशील जास्त असतात. कल्पनेवर आपण केलेल्या विचाराच्या खुणा जास्त. हस्तलिखितात हे दिसतं. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, सवण्यातून (उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून) सारवलेल्या जमिनीवर पडलेला उजेडाचा तुकडा आणि त्यात कुणीतरी विसरलेली एकच चप्पल. कथेला त्या चपलेचा काही उपयोग नसतो. असा बिनकामाचा तपशील बहुधा आठवणीतून येतो. कल्पना गरजेपुरतंच आणते.

पण ही खूण कायम टिकत नाही. बालपणीचा न घडलेला प्रसंग नुसता मनात रंगवला, तरी तो घडला असावा ही खात्री वाढते, असं १९९६ च्या एका प्रयोगात दिसलं. आणि कादंबरीकार दिवसभर दुसरं काय करतो? अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान १९८६ मध्ये कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती बातमी आपल्याला कुठं आणि कशी कळली, याची हकीगत तिथल्या विद्यार्थ्यांनी लिहून दिली होती. काही वर्षांनी त्यांनाच विचारलं, तर अनेकांनी वेगळंच सांगितलं, तेही ठामपणे. त्यात खोटेपणा नव्हता. म्हणून चित्र किती ठसठशीत आहे, यावरून काही ठरत नाही.

माझ्या मते खरा फरक असा: आठवण चुकू शकते, कल्पना चुकू शकत नाही, ती जमते किंवा फसते. आठवणीला बाहेरच्या जगाला जाब द्यावा लागतो. आदल्या रात्री गणेश विसर्जन झालं होतं, धक्का पहाटे चारच्या सुमारास बसला, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हे बदलण्याचा अधिकार मला नाही. त्या घरातली म्हातारी काय पुटपुटली असेल, हे मात्र मी रचू शकते.

म्हणून माणसांचं सांगणं मी आधी त्यांच्याच बोलीत, तारीख टाकून वहीत उतरवून घेते आणि प्रसंग लिहायला नंतर बसते. उलट क्रमानं केलं, तर त्यांचं ऐकताना मला माझंच लिहिलेलं ऐकू येतं.