विणयंत्राचे गेज आणि धाग्याची जाडी

विणयंत्राचे गेज म्हणजे त्यावरील सुयांची दाटी. हातविणीत लोकर जाड असली की जाड सुई घेता येते. यंत्रावर ती सोय नाही. सुयांवरून सरकत टाके विणणाऱ्या कॅरेजवरील टेन्शनच्या चकतीने टाका लहानमोठा होतो, दोन सुयांमधले अंतर मात्र कायम राहते.

विल्यम ली यांचे मोजे विणण्याचे यंत्र सामान्यतः १५८९ चे मानतात. आजच्या घरगुती यंत्रातील लॅच सुईचे, म्हणजे आकड्याचे तोंड मिटणारी छोटी झडप (लॅच) असलेल्या सुईचे, श्रेय वादग्रस्त आहे. फ्रान्समध्ये झांदो यांनी १८०६ मध्ये अशा सुईचे एकस्व घेतले होते, पण ती प्रत्यक्ष वापरात आल्याचा पुरावा मिळत नाही. म्हणून १८४० नंतरच्या दशकात ती चालती करणाऱ्या लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंड यांनाच श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते.

गेजचे आकडेही एका मापाचे नाहीत. आज उद्योगात एका इंचातील सुया मोजतात. मोज्यांच्या जुन्या सरळ यंत्रांत दीड इंचातील मोजत. तेथील ५१ गेज म्हणजे इंचाला ३४ सुया. घरगुती यंत्रांत सुईअंतर मिलिमीटरमध्ये देतात : बारीक ३.६ (२५० सुया), प्रमाण ४.५ (२०० सुया), जाड ९ (सुमारे ११०).

अंतर दुप्पट झाले की धागाही दुप्पट जाड, म्हणजे त्याच लांबीला चौपट वजनाचा चालतो. व्यवहारात त्याहून थोडा बारीकच बरा. ४.५ मिमी यंत्रावर १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपासचा धागा सुखाने चालतो. पदरांच्या संख्येवरून जाडी कळत नाही. शंकूवर (कोनवर) गुंडाळून मिळणाऱ्या धाग्याचा मेट्रिक क्रमांक २/२८ म्हणजे किलोला २८ किलोमीटर भरणारे दोन पदर पिळलेले, म्हणजेच १०० ग्रॅमला १,४०० मीटर. असे तीन धागे एकत्र घेतले की ४६७ मीटर होतात. धागा फार जाड असला तर तो आकड्यात मावत नाही, लॅच मिटत नाही, जुना फास सुटत नाही आणि कॅरेज अडकते. फार बारीक असला तर कापड जाळीदार होऊन लोंबते.

बरीच वर्षे बंद असलेल्या यंत्रावर धाग्याला दोष देण्याआधी सुया दाबून धरणारी स्पंजपट्टी पाहावी. स्पंज चेपला की सुया उचलल्या जातात व टाके गळतात. घट्ट झालेले जुने तेल पुसून नवे द्यावे. वाकड्या सुया बदलाव्यात.

माप काढण्यासाठी विणायचा नमुना निदान ४० टाके व ६० ओळींचा असावा. खाली टांगलेल्या वजनांमुळे तो यंत्रावर लांबीत ताणलेला असतो, म्हणून उतरवून, धुऊन, पूर्ण वाळल्यावरच मोजावा.