वाळवंटी नदीकाठची झाडं आणि खाली जाणारं भूजल

वाळवंटातल्या नदीकाठची झाडं पावसाच्या भरवशावर नसतात, त्यांची मुळं थेट भूजलाला लागलेली असतात. म्हणून तर आजूबाजूला सगळं करपलेलं असताना काठावर हिरवा पट्टा दिसतो, आणि उपसा वाढला की मार पण आधी त्यांनाच बसतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनातला फ्रेमाँट कॉटनवूड, म्हणजे पॉप्लरचाच एक प्रकार, यातला ठळक. आपल्या पुण्यात मुळा-मुठेच्या काठी वाळुंज दिसतो ना, तो याच्याच कुळातला, फक्त आपल्याकडे दरवर्षी पावसाळा येऊन भरपाई करून जातो.

पाणी खाली गेलं की झाड आधी पानांची रंध्रं मिटून घेतं, पाणी वाचतं पण कार्बन डायॉक्साइड पण आत येत नाही, म्हणजे अन्न कमी आणि वाढ खुंटते. तरी ताण वाढतच राहिला तर खोडातल्या नळ्यांमधली पाण्याची धार तुटते, हवा शिरते, आणि ती नळी बाद होते. कॉटनवूड यात फार नाजूक. मग ते पानं गाळतं, फांद्या सोडून देतं, शेंड्याकडून वाळत येतं. बघणाऱ्याला वाटतं झाड मेलं, पण कमी झालेल्या पाण्यात उरलेली पानं जगवायची धडपड असते ती, पाणी लवकर परत आलं तर खोडातून पुन्हा फुटवा येतो.

माझ्या मते पाणी किती खोल आहे यापेक्षा किती वेगाने गेलं हे जास्त महत्त्वाचं. दिवसाला साधारण अडीच सेंमीपर्यंत उतरलं तर कॉटनवूडचं रोपटंसुद्धा मुळं वाढवत पाण्यामागे जाऊ शकतं. पण कोलोरॅडोत रेती-खडी काढताना पातळी 1 मीटरहून जास्त उतरली आणि तशीच राहिली तिथे 3 आठवड्यांत पानं सुकली, 3 वर्षांत 88 टक्के झाडं गेली.

सगळ्यांचं असं नसतं. दौंड-इंदापूरकडे माजलेली वेडी बाभूळ ज्या मेस्काइट गटातली, त्यातल्या एका झाडाचं मूळ ॲरिझोनातल्या टक्सन शहराजवळच्या खाणीत 53 मीटर खोल सापडलं होतं. पण तिथल्याच सांताक्रूझ नदीकाठची मेस्काइटची जुनी जंगलं उपशामुळे गेली, म्हणजे खोल मुळांनाही मर्यादा आहेच.

चीनमधल्या तारीम नदीचा खालचा 300 किमीहून जास्त भाग 1970 च्या दशकात कोरडा पडला आणि काठची पॉप्लरची जंगलं वाळत गेली. 2000 पासून वरून पाणी सोडायला लागले, तेव्हा पात्रालगतची झाडं पुन्हा पालवली, लांबच्यांना मात्र फारसं काही मिळालं नाही.