जिमी (कोअर ऑफ सिग्नल्सचं मानचिन्ह)

जिमी म्हणजे भारतीय लष्कराच्या कोअर ऑफ सिग्नल्सच्या, म्हणजे निरोप आणि संपर्काचं काम सांभाळणाऱ्या शाखेच्या, बिल्ल्यावर जो एका पायावर उभा गडी दिसतो तो. हा खरं तर मर्क्युरी, रोमन लोकांच्या देवांचा निरोप्या. गोव्यात बांबोळीच्या कॅम्पात २ सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे, तिथे येणाऱ्या अग्निवीरांना पुढे बिल्ल्यावर हाच देव मिरवायचा असतो, मग गडी सातारचा असो की इथल्याच सत्तरी तालुक्यातला.

मूर्तीची ढब घेतलीय ती जांबोलोन्या या शिल्पकाराच्या सोळाव्या शतकातल्या ब्राँझच्या पुतळ्यावरून, तो पुतळा इटलीत फ्लॉरेन्सला आहे. डाव्या पायाच्या चवड्यावर सगळा भार, उजवा हात थेट आभाळाकडे, टोपीला आणि घोट्यांना पंख, अंगावर कपडे म्हणाल तर नाहीतच. जिमी हे नाव ब्रिटिश सैनिकांनी पाडलं, कोण म्हणतं शिल्पकाराच्या नावाचा अपभ्रंश, कोण म्हणतं एका बॉक्सरवरून आलं, ते त्यांचं त्यांनाच अजून ठरवता आलेलं नाही.

डाव्या हातातल्या काठीवर लोक हमखास फसतात. तिला दोन सापांचा विळखा आणि वर पंख, आणि बांबोळीत तर जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, जवळच, त्यामुळे हे डॉक्टरांचं काहीतरी असणार असं वाटणं साहजिक आहे. पण डॉक्टरांची काठी वेगळी, ती ग्रीक देव अस्क्लेपियसची, तिला साप एकच आणि पंख नाहीत, आपल्या आर्मी मेडिकल कोअरच्या बिल्ल्यावर तीच आहे. दोन सापांची काठी निरोप्याची, व्यापाऱ्याची. अमेरिकन लष्कराच्या डॉक्टरांनी १९०२ मध्ये चक्क हीच दोन सापवाली उचलली आणि घोळ जगभर पसरला, तेव्हा आपलं चुकलं तर एवढं मनाला लावून घ्यायला नको.

कोअरचा जन्म १५ फेब्रुवारी १९११ चा, फतेगढला. त्याआधी सिग्नलचं काम सॅपर्स अँड मायनर्सकडे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरांकडे, असायचं. प्रजासत्ताक झाल्यावर लष्करी चिन्हांवरचा इंग्रजी मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, इथेही तसंच झालं, पण मर्क्युरीला कोणी हलवलं नाही. मारुतीराया का नाही, असं कोणीतरी विचारतंच, आणि प्रश्न रास्त आहे, लंकेत अंगठी पोचवणारा दूत घरचाच होता की. (नारद मात्र नको, तो निरोप कमी आणि कळ जास्त लावतो.) तरी मला मर्क्युरी राहिला ते बरंच वाटतं, कारण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाच्या सिग्नलवाल्यांकडेही तोच आहे, कुठेही भेटले तरी बिल्ल्यावरून ओळख पटते.

ब्रीदवाक्य मात्र आपलं, ‘तीव्र चौकस’, म्हणजे जलद आणि सावध. २६ जानेवारीच्या परेडला मोटरसायकलवर मनोरे रचणारे डेअर डेव्हिल्स याच कोअरचे, १९३५ पासूनचे, मूळचे जबलपूरचे.